लांब केसांचा हिशेब

पर्शियन मांजर विकत घेणारा किंमत एकदाच मोजतो. त्याच्या केसांचा हिशेब मात्र रोजचा असतो. हे मऊ, बारीक केस नित्य विंचरले नाहीत तर त्यांच्या जटा होतात व कातडी ओढली जाते. स्वभावाने हे मांजर शांत, बैठे. फारशी तक्रार करीत नाही. म्हणूनच त्याची हेळसांड लवकर ध्यानात येत नाही.

सर्वच लांब केसांच्या जातींची ही अवस्था नाही. नॉर्वेच्या अरण्यातील मांजराच्या राठ केसांवरून पाणी निथळून जाते. त्याला, किंवा अमेरिकेतील धिप्पाड व माणसाळू मेन कूनला, आठवड्यातून एकदोनदा विंचरणे एरवी पुरते. त्यांचे केस थंडीने घडविले. पर्शियनचे तसे नाही. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले. पुढे पारितोषिकांच्या आणि गिऱ्हाइकांच्या आवडीने या जातीचे केस दाट होत गेले, आणि विसाव्या शतकात नाक बसत गेले. परिणामी डोळे पाझरतात, श्वास अडतो. मागणी पुरवठ्याला वळण लावते, असे आम्ही वर्गात शिकवितो. येथे तिने एका मुक्या जिवाचा चेहराच बदलला. पुण्यामुंबईच्या उकाड्यात ही हौस करणाऱ्याने रोज विंचरण्यास आपल्याला सवड आहे काय, हे आधी पाहावे. आणि अगदी बसक्या नाकाचे पिल्लू तर मागूच नये.