तिसऱ्याला दिलेले मत वाया जाते का?

मागच्या व्याख्यानात आपण व्यक्तीची जबाबदारी आणि समूहाची जबाबदारी यांचा विचार केला. त्यानंतर श्रोत्यांकडून जो प्रश्न सर्वांत जास्त वेळा आला, तोच आज घेऊ. प्रश्न साधा आहे. रिंगणात दोन मोठे उमेदवार आहेत, त्यांच्यापैकीच एक येणार हे दिसते आहे. पण आपल्याला मनापासून पटतो तो तिसराच. त्याला मत द्यायचे म्हटले की घरातलेच कोणीतरी म्हणते, "कशाला मत वाया घालवतोस?" हे म्हणणे बरोबर आहे का?

तत्त्वज्ञानाच्या माणसाला एक खोड असते, तो आधी शब्दाला धरतो. 'वाया' म्हणजे नेमके काय? सर्वसाधारण उत्तर असे, की ज्या मताने निकाल बदलला नाही ते वाया गेले. ठीक, ही व्याख्या घेऊन चालू. एखाद्या मतदारसंघात विजेता एक लाखाच्या फरकाने आला. हरलेल्या सगळ्यांची मते वाया गेली, हे उघडच. पण विजेत्याला नव्व्याण्णव हजार मते कमी पडली असती, तरी तोच आला असता. मग तीही वायाच म्हणायची का? आणि एकेक मतदार सुटा घेतला, तर कुणीही घरी बसला असता तरी निकाल तोच राहिला असता. म्हणजे या व्याख्येने तिसऱ्याचा मतदार तेवढा दोषी ठरत नाही, सगळा मतदारसंघच दोषी ठरतो! जो युक्तिवाद गरजेपेक्षा जास्त सिद्ध करतो, तो कामाचा राहत नाही.

तरीही हा युक्तिवाद लोकांच्या मनातून जात नाही, याचे कारण आहे. मोरिस दुव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाने १९५१ साली राजकीय पक्षांवरच्या ग्रंथात ते मांडले. जिथे एका मतदारसंघातून एकच उमेदवार निवडायचा आणि ज्याला सर्वांत जास्त मते तो जिंकणार, तिथे लढत हळूहळू दोन पक्षांकडे सरकते. त्यात नियमाचा भाग आहे, तसा मानसशास्त्राचाही आहे. आपल्याला बिरबलाच्या हौदाची गोष्ट माहीत आहे. प्रत्येकाने रात्री हौदात तांब्याभर दूध ओतायचे होते. प्रत्येकाला वाटले, इतक्या दुधात माझे एक तांब्या पाणी कुणाला कळणार? सकाळी हौद पाण्यानेच भरलेला. 'तो काही येत नाही' असे म्हणत प्रत्येक जण तिसऱ्याला सोडतो, म्हणून तो येत नाही. आणि तो आला नाही, म्हणून पुढच्या खेपेला आपलेच म्हणणे खरे वाटते.

इथवर ऐकून तिसऱ्याचे समर्थक खूश झाले असतील. पण जरा थांबू या. मत वाया जात नाही हे खरे असले, तरी ते फुकट असते असे नाही. त्याला किंमत असते.

या बाबतीत जगभर दिले जाणारे उदाहरण म्हणजे अमेरिकेतली २००० सालची अध्यक्षीय निवडणूक. जॉर्ज बुश आणि अल् गोर यांच्यातला सगळा निकाल फ्लोरिडा राज्यावर येऊन अडला. तिथे बुश ५३७ मतांनी पुढे राहिले आणि अध्यक्ष झाले. त्याच फ्लोरिडात ग्रीन पार्टीचे राल्फ नेडर यांना ९७ हजारांहून जास्त मते मिळाली होती. लोकांनी साधी वजाबाकी केली: नेडर यांनी गोर यांना पाडले.

ही वजाबाकी वाटते तितकी सरळ नाही. नेडर नसते तर त्यांचे सगळे मतदार गोर यांच्याकडे गेले नसते. काही बुश यांच्याकडे गेले असते, काही घरीच बसले असते. शिवाय त्या मतपत्रिकेवरच्या इतर छोट्या पक्षांपैकी प्रत्येकाला ५३७ पेक्षा जास्त मते होती. समाजवाद्यांचे दोन वेगवेगळे उमेदवार होते, त्यांनाही प्रत्येकी पाचशे-सहाशे मते होती. आणि लाखो नोंदलेले मतदार फिरकलेच नाहीत. मग कारण कोण? 'अमुक नसते तर हे घडले नसते' या कसोटीवर डझनभर कारणे उत्तीर्ण होतात. त्यातले एकच उचलून त्याला दोषी ठरवणे, हे कारण शोधणे नव्हे, बळीचा बकरा शोधणे आहे.

पण डझनभरांपैकी एक असणे म्हणजे कुणीच नसणे, असेही नाही. आपल्या जवळचे उदाहरण घ्या. २०२४ साली मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. तिथे 'नोटा'लाच पंधरा हजारांहून अधिक मते पडली. यातल्या कुणालाही 'तुझ्यामुळेच' असे म्हणता येणार नाही. पण 'माझा काहीच संबंध नाही' असेही त्यांच्यापैकी कुणाला म्हणता येणार नाही. हौदातले पाणी कुणा एकाचे नव्हते, म्हणून ते कुणाचेच नव्हते असे थोडेच आहे?

आता दुसरी बाजू, काळाची. आतापर्यंत आपण एका निवडणुकीपुरते बोललो. पण मत एका दिवसात संपत नाही. कांशीराम पुण्यात सरकारी नोकरी करत होते, तिथून ते चळवळीत आले आणि १४ एप्रिल १९८४ ला त्यांनी बहुजन समाज पक्ष स्थापला. त्यांचे सूत्र प्रसिद्ध आहे: पहिली निवडणूक हरण्यासाठी, दुसरी हरवण्यासाठी आणि तिसरी जिंकण्यासाठी. १९८८ च्या अलाहाबाद पोटनिवडणुकीत ते स्वतः तिसरे आले. त्या दिवशी त्यांना मत देणाऱ्याला शेजाऱ्याने नक्की म्हटले असेल, वाया घालवलेस. पुढे सातच वर्षांत, १९९५ ला, मायावती मुख्यमंत्री झाल्या आणि २००७ ला पक्षाने ४०३ पैकी २०६ जागा जिंकून एकट्याने बहुमत मिळवले. १९८८ चे ते मत वाया गेले होते का?

याच पक्षाची पुढची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर चित्र अर्धे राहील. २०१४ च्या लोकसभेत बसपाला देशभर चार टक्क्यांहून जास्त मते पडली, मतांच्या हिशेबात तो तिसऱ्या क्रमांकाचा पक्ष होता. जागा मिळाल्या शून्य! आपली पद्धत मतदाराशी इतकी कठोर वागू शकते. पण म्हणून दोष पद्धतीला द्यायचा की मतदाराला? पद्धतीचा दोष मतदाराच्या माथी मारणे, हा या 'वाया' शब्दातला खरा अन्याय आहे.

कायदासुद्धा हरलेल्या मताला शून्य मानत नाही. उमेदवाराला एक-षष्ठांशापेक्षा जास्त मते पडली, तर हरूनही त्याचे डिपॉझिट वाचते. एकही जागा नसली, तरी राज्यात आठ टक्के मते मिळवणाऱ्या पक्षाला राज्यपक्षाची मान्यता मिळते आणि राज्यभर आपले चिन्ह राखून ठेवता येते.

या संदर्भात आपल्याकडचा एक जुना शब्द आठवतो: मत कुजवणे. सुरुवातीच्या निवडणुकांत काही मतदारसंघ दोन जागांचे होते, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला दोन मते असत. आपल्या माणसाला एक द्यायचे आणि दुसऱ्याचा फायदा होऊ नये म्हणून उरलेले मुद्दाम निकामी करायचे, याला मत कुजवणे म्हणत. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना हाच मार्ग सुचवला होता, असे सांगतात. त्यांनी तो मानला नाही. मित्रपक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर निवडून आले आणि डॉ. आंबेडकर राखीव जागेवर हरले. त्यांना पडलेली मते हरली, पण कुजली नाहीत. हरलेले मत आणि कुजलेले मत यांत फरक आहे, आणि आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर हा फरक न्यावा.

मग करायचे काय? कुणाला मत द्यावे हे सांगणे आमचे काम नाही. पण मत देण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारता येतील.

पहिला, आपल्या मतदारसंघात चुरस किती आहे? निकाल ठरल्यासारखाच असेल, तर तिसऱ्याला मत देणे स्वस्त पडते. काट्याची लढत असेल, तर महाग.

दुसरा, त्या दोघांतला फरक किती मोठा आहे, आणि कुणासाठी? 'दोघे सारखेच' हे म्हणणे आपल्यासारख्या पेन्शनवाल्यांना सोपे जाते. ज्याचे रेशन, ज्याची वस्ती, ज्याची सुरक्षितता निकालावर टांगली आहे, त्याला ते सारखे नसतात. तत्त्वाची किंमत मोजायला आपण तयार असू, ही चांगली गोष्ट आहे. पण ती मोजणार आपण की दुसराच कुणी, हे बघायला नको का?

तिसरा, हा उमेदवार निकालानंतर दिसणार आहे का? नुसता मते खायला उभा केलेला माणूस वेगळा आणि पुढची पाच वर्षे काम करून पुन्हा उभा राहणारा वेगळा. पहिल्याला दिलेले मत त्याच दिवशी संपते. दुसऱ्याला दिलेले मत पेरलेले असते.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देऊन तिसऱ्यालाच मत दिले, तर ते जाणतेपणी मोजलेले मोल आहे. विचार करून मोठ्या दोघांपैकी एकाला दिले, तर त्यातही कमीपणा नाही. कुजते ते मत, जे 'कोण येणार' एवढेच बघून दिले जाते आणि ज्यात 'कोण यावा' हा प्रश्न विचारलाच जात नाही.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.