संशय आधी सांगावा : दवाखान्यातील व औषधालयातील हिंसा, प्रतिबंध आणि पूर्वतयारी

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरांना नातेवाइकांच्या जमावाने मारहाण केली. त्यांच्या डोळ्यास गंभीर इजा झाली. अपघातातील रुग्णाच्या डोक्याला मार होता, तेथे मेंदूचे शल्यचिकित्सक नव्हते, म्हणून रुग्णास अन्यत्र हलवावे, असे त्या डॉक्टरांनी सांगितले होते. त्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर महाविद्यालयात तरुण डॉक्टर भगिनीची हत्या झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमले. दोन्ही वेळी चर्चा झाली ती प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांच्या सुरक्षेची. मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारपट्टीवरील आपल्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात रक्षक नसतो. वैद्य आणि एखादी मदतनीस, एवढाच परिवार. रात्रीच्या औषधालयात तर मालक एकटाच.

धुळ्याच्या घटनेतील ठिणगी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. ‘येथे होणार नाही, पुढे न्या’ हे वाक्य आपण किती वेळा उच्चारतो! सर्पदंश असो, छातीतील कळ असो वा रक्तस्राव, आपल्याकडून रुग्ण कुडाळ-ओरोसला आणि पुष्कळदा शंभरेक किलोमीटरवरील गोव्याच्या बांबोळीला जातो. परराज्यातील रुग्णांकडून तेथे २०१८ मध्ये शुल्क आकारणी सुरू झाली, तेव्हा आपल्या जिल्ह्यात केवढा असंतोष उसळला होता, हे वाचकांच्या स्मरणात असेल. अंतर, खर्च आणि भय ही तिन्ही त्या एका वाक्यात नातेवाइकांना ऐकू येतात. म्हणून ते वाक्य कधी आणि कसे बोलावे, याचा विचार औषधयोजनेइतकाच आधी व्हावयास हवा.

याबाबत आपले शास्त्र मुके नाही. उदररोगात सर्व उपाय थकल्यावर विषप्रयोगाची चिकित्सा सांगताना चरकाचार्यांनी आधी ज्ञाती, सुहृद, पत्नी, राजा, गुरू यांना परिणामाविषयीचा संशय स्पष्ट सांगून त्यांची अनुमती घेण्यास सांगितले आहे. अश्मरीच्या शस्त्रकर्मापूर्वी सुश्रुतांनीही अनुज्ञेचा निर्देश केला आहे. प्रत्याख्यानपूर्वक चिकित्सा ही आपण परीक्षेपुरती पाठ करतो. वैद्याच्या संरक्षणाचे ते सर्वांत जुने साधन आहे, असे माझे मत आहे. संशय आधी सांगितला तर तो वैद्य व नातेवाईक यांचा सामायिक होतो. मृत्यूनंतर सांगितला तर ती सबब ठरते.

आपल्या भागात हा संशय कोणाला सांगावयाचा, हाही प्रश्न आहे. रुग्णाजवळ बहुधा वृद्ध पत्नी किंवा शेजारी असतो. निर्णय घेणारा मुलगा मुंबईत. तो रात्रभर प्रवास करून पोहोचतो, तेव्हा त्याच्या हाती केवळ वाडीवरच्या गजाली आलेल्या असतात. त्याच्या क्रोधात, आपण वेळेवर जवळ नव्हतो, हे शल्यही मिसळलेले असते. यासाठी प्रकृती चिंताजनक वाटताच त्या चाकरमान्याला स्वतः दूरध्वनी करावा, काय सांगितले ते वेळेसह रुग्णपत्रिकेत लिहावे आणि जवळच्या नातेवाइकाची स्वाक्षरी घ्यावी. रुग्ण पुढे पाठविताना १०८ रुग्णवाहिका आपणच बोलवावी, दिलेल्या औषधांसह चिठ्ठी लिहून द्यावी. त्या घटकेला शुल्काचा विषय काढू नये. तेवढ्या रकमेसाठी पेटलेला वाद परवडणारा नसतो.

आवाज चढणे, येरझाऱ्या, दारात ठाण मांडणे, मद्याचा दर्प ही पूर्वरूपे होत. पूर्वरूपातच उपचार सोपा. आपण बसून, हळू आवाजात, एकाच नातेवाइकाशी बोलावे. ‘तुम्हांला काय कळते’ हे उद्गार कटाक्षाने टाळावेत. हातघाईची चिन्हे दिसताच मात्र प्रतिष्ठेचा विचार न करता खोलीबाहेर पडावे. यासाठी वैद्याचे आसन दाराजवळ हवे. बहुतेक दवाखान्यांत ते भिंतीकडे कोपऱ्यात असते आणि दार रुग्णाच्या पाठीशी. लोखंडी खल-बत्ता, अग्निकर्माच्या शलाका, शस्त्रांचा ट्रे समोरच्या मेजावर मांडून ठेवण्याची आपली हौस या दृष्टीने घातक आहे. शेजारच्या दुकानदाराशी एक सांकेतिक वाक्य ठरवून ठेवावे. ते कानी पडताच त्याने चार माणसे घेऊन यावे आणि मदतनिसाने ११२ क्रमांक फिरवावा. वर्षातून दोनदा याची रंगीत तालीम करावी, हसू आले तरी करावी.

औषधालयचालकांची अडचण निराळी आहे. चिठ्ठीविना झोपेच्या गोळ्या मागणारा, किंवा पर्यटनाच्या हंगामात अपरात्री शटर ठोकणारा ग्राहक नकार ऐकून घेत नाही. अल्प्राझोलामसारखी औषधे ‘एच-१’ अनुसूचीत आहेत व त्यांची नोंदवही ठेवावी लागते. भांग, वत्सनाभ, कुचला यांचे कल्प ‘ई-१’ मध्ये येतात. हे नियम मोठ्या अक्षरांत फलकावर लावावेत, म्हणजे नकार मालकाचा न राहता नियमाचा होतो. रात्री व्यवहार खिडकीतून करावा आणि गल्ला मोजण्यापूर्वी शटर ओढावे.

महिला मदतनिसांना होणारा त्रास बहुधा बोललाच जात नाही. लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा (२०१३) दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या दवाखान्यासही लागू आहे. तेथील तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ही माहिती आपणच त्यांना द्यावी आणि सायंकाळी उशिरा त्यांना एकटे ठेवू नये.

कायद्याकडून अपेक्षा बेताची ठेवावी. राज्याच्या २०१० च्या अधिनियमाने वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसा दखलपात्र व अजामीनपात्र केली. तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास हजारांपर्यंत दंड, शिवाय मोडतोड झालेल्या उपकरणांच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई अशी तरतूद आहे. परंतु त्यातील व्याख्येचा भर रुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थांवर आहे. औषधाचे दुकान त्यात येत नाही. तेथे भारतीय न्याय संहितेतील मारहाण, धमकी व नासधुशीच्या सर्वसाधारण कलमांचाच आधार. केवळ तपासणी करणाऱ्या बाह्यरुग्ण दवाखान्यांनी आपली स्थिती वकिलांकडून आताच समजून घ्यावी.

प्रसंग घडलाच तर पंचनाम्यापूर्वी फुटकी काच झाडू नये. छायाचित्रे काढावीत, साक्षीदारांची नावे लिहावीत, इजा किरकोळ वाटली तरी शासकीय रुग्णालयात तपासणी करून तिची नोंद घ्यावी. दुसऱ्याच दिवशी गावातील वजनदार मंडळी ‘आपलाच माणूस, मिटवून टाका’ म्हणत येतील. त्यांना चहा द्यावा, त्यांचे ऐकून घ्यावे. मात्र लेखी तक्रार त्यापूर्वीच पोलीस ठाण्यात दिलेली असावी आणि तिची प्रत आपल्या खणात असावी.