दुधाची दाढ काढली, तरी जागा राखा

“ताई, दुधाचीच दाढ आहे, आज ना उद्या पडणारच की!” वस्तीतल्या आया असं म्हणतात तेव्हा मी रागावत नाही. नर्स असून माझ्या थोरलीची किडकी दाढ मी सहाव्या वर्षी अशीच काढून आणली होती. पुढचं कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढचे दुधाचे दात सहा-सातव्या वर्षी पडतात, पण मागच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत लागतात. त्यातली एखादी लवकर गेली, तर मागची दाढ पुढे सरकते. खालून येणारा दात मग वाकडा येतो, नाहीतर हिरडीतच अडकतो. थोरलीला नंतर दोन वर्षं तारा लावाव्या लागल्या.

म्हणून आधी विचारायचं, दाढ भरून वाचेल का? काढावीच लागली, तर जागा राखायची तार बसवायची का? शेजारच्या दाढेला स्टीलची कडी आणि तिला जोडलेली तारेची कमान, एवढंच ते उपकरण. नवा दात डोकावला की काढतात. चिक्की, च्युइंगम मात्र बंद. कडी हलली तर लगेच दाखवायची.

मुंबईत नायर दंत महाविद्यालयात आणि सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातही आहे.

आणि हो, सहाव्या वर्षी सगळ्यात मागे, एकही दात न पडता जी दाढ उगवते ती दुधाची नव्हे, कायमची. आज रात्री पोरांचं तोंड उघडून बघा.