पोळ्यातल्या स्वच्छतेचा वारसा
मधमाश्यांच्या पिलाव्याला होणाऱ्या रोगांमध्ये अमेरिकन फाउलब्रूड हा अत्यंत घातक समजला जातो. त्याचे जिवाणू अन्नातून अळीच्या पोटात जातात. मेणाच्या झाकणाखाली अळी मरते आणि तिचा तपकिरी, चिकट लगदा होतो. त्यात काडी बुडवून ओढली की तार निघते. लगदा वाळला तरी त्यातले बीजाणू कित्येक दशके जिवंत राहतात. प्रतिजैविकांनी ते मरत नाहीत, म्हणून अनेक ठिकाणी रोगट पेट्या जाळून टाकाव्या लागतात. तरीही काही वसाहती या रोगाला पुरून उरतात. त्यांच्यातल्या दोन-तीन आठवडे वयाच्या कामकरी माश्या बंद घरांवर शृंगिका टेकवत फिरतात. संशय आला की झाकणाला टाचणीच्या टोकाएवढे भोक पाडतात. मग इतर माश्या ते रुंदावतात आणि रोगी अळी ओढून बाहेर काढतात. बीजाणू तयार होण्याआधी हे काम उरकले, तर रोग तिथेच खुंटतो. या वागण्यामागे आनुवंशिकता आहे आणि ती कशी काम करते हे समजून घेतले, तर औषधांइतकाच भर चांगल्या वाणाच्या निवडीवर का द्यायला हवा हेही कळते.

अमेरिकी शास्त्रज्ञ वॉल्टर रोथेनबुलर यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयाचा पाया आहे. त्यांच्याकडे दोन वाण होते. एक मेलेल्या अळ्या तत्परतेने काढणारा, दुसरा त्या तशाच राहू देणारा. दोन्हींच्या संकरातून आलेल्या कामकरी माश्यांनी सफाई केली नाही, म्हणजे हा गुण अप्रभावी होता. पुढे त्यांनी संकरित राण्यांचे नर घेतले आणि स्वच्छ वाणाच्या प्रत्येक राणीला एकाच नराचे वीर्य दिले. नर माशी निषेचन न झालेल्या अंड्यातून जन्मते आणि तिच्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो. त्यामुळे एका नराच्या सगळ्या लेकींना बापाकडून तंतोतंत तोच वारसा मिळतो आणि अख्खी वसाहत त्या एका नराच्या जनुकांची साक्ष देते. अशा २९ वसाहतींपैकी ६ वसाहतींनी झाकणे उघडून अळ्या काढल्या, ९ वसाहतींनी झाकणे उघडली पण अळ्या आतच ठेवल्या, तर १४ वसाहतींनी काहीच केले नाही. रोथेनबुलर यांनी या १४ वसाहतींमधली झाकणे स्वतः उघडली, तेव्हा त्यांतल्या ६ वसाहती अळ्या काढू लागल्या. उरलेल्या ८ वसाहतींनी तरीही त्या काढल्या नाहीत. ६, ९, ६ आणि ८ असे जवळपास समान चार गट पडले. यावरून झाकण उघडण्याचे एक आणि अळी काढण्याचे दुसरे, अशी दोन जनुके असावीत, असे अनुमान त्यांनी काढले.

हे अनुमान फार सुबक आहे आणि २९ वसाहतींचा पुरावा तोकडा आहे, हा आक्षेप रास्त आहे. १९८८ मध्ये रॉबिन मोरिट्झ यांनी याच आकड्यांची फेरतपासणी करून दोन जनुकांचे गणित अपुरे असल्याचे दाखवले. २००२ च्या अभ्यासात या गुणाशी संबंध असण्याची शक्यता असलेल्या सात जनुकीय जागा आढळल्या. पण यामुळे मूळ शोध मोडीत निघत नाही. हे वागणे आनुवंशिक आहे आणि त्याचे टप्पे वेगवेगळे वारशाने मिळू शकतात, हे त्याचे सार शाबूत राहते. स्वच्छ वाणाच्या माश्यांना रोगी पिलाव्याचा अगदी पुसटसा वासही जाणवतो, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे जनुके माशीला सफाईचा पाठ पढवत नाहीत, किती वास आल्यावर कामाला लागायचे ती मर्यादा ठरवतात. झाकण उघडून दिल्यावरच काही वसाहती कामाला का लागल्या, याचा उलगडाही यातून होऊ शकतो.

निसर्गात राणी दहा-वीस नरांशी समागम करते, त्यामुळे एकाच पेटीत अनेक बापांच्या लेकी नांदतात. म्हणून सुटी माशी तपासून भागत नाही, पारख वसाहतीचीच करावी लागते. मिनेसोटा विद्यापीठातल्या मार्ला स्पिव्हॅक यांनी यासाठी एक सोपी चाचणी रूढ केली. पिलाव्याचा छोटा तुकडा द्रव नायट्रोजनने गोठवून मारायचा आणि किती घरे साफ होतात ते मोजायचे. ४८ तासांत ९५ टक्क्यांहून अधिक घरे रिकामी झाली, तर वसाहत स्वच्छ समजायची. सफाईत गुंतलेल्या माश्या मध कमी देतील, अशी शंका घेतली जाते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचण्यांत मात्र स्वच्छ वसाहतींमध्ये रोग कमी आढळला आणि मधाचे उत्पादनही घटले नाही. दुसरी अडचण खरी आहे: गुण अप्रभावी असेल, तर राणीचा परक्या नरांशी समागम होताच तो पुढच्या पिढीत विरळ होतो. त्यावर उपाय म्हणजे दर पिढीत चाचणी आणि परिसरात अशा अनेक वसाहती, म्हणजे नरही त्याच वाणाचे मिळतील. हे काम एकट्या मधपाळाचे नाही, गावाने मिळून करायचे आहे.

हा प्रश्न केवळ अमेरिकेपुरता नाही. जगभरच्या पाश्चात्त्य मधमाश्यांना छळणारा वरोआ हा परजीवी मुळात आशियाई मधमाशीचा, म्हणजे आपल्या सातेरीच्या जातीचा. आपल्या जुन्या यजमानाशी त्याचा तोल सांभाळला गेला, आणि त्यात या माशीच्या सफाईच्या सवयीचाही वाटा आहे. औषध एका हंगामापुरते काम करते आणि त्याचा परिणाम सरला की पुन्हा द्यावे लागते. निवडून जोपासलेला वारसा मात्र प्रत्येक नव्या राणीबरोबर पुढे जातो. म्हणून राणी निवडताना मधाच्या वजनाइतकेच महत्त्व सफाईच्या चाचणीलाही द्यायला हवे.