शोपँच्या ई मायनर प्रिल्यूडमधील करुण भाव : एक आकलन

पोलिश संगीतकार फ्रेडरिक शोपँ (१८१०-१८४९) यांच्या २४ पियानो-प्रिल्यूड्सचा संग्रह १८३९ मध्ये प्रकाशित झाला. त्यातील चौथे प्रिल्यूड ई मायनर स्वरपट्टीत असून ते अवघ्या २५ बारचे, विलंबित लयीतील आहे. त्यातील करुण भाव कशातून निर्माण होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रागसंगीताचा संस्कार असलेला श्रोता स्वाभाविकपणे सुरावटीत भाव शोधतो. येथे मात्र उजव्या हाताची सुरावट प्रारंभी दोनच स्वरांवर घोटाळत राहते. ई हा षड्ज मानल्यास ते पंचम व कोमल धैवत होत. ही सुरावट एकटी पेटीवर वाजविल्यास शोकाचा प्रत्यय फारसा येत नाही. तो येतो डाव्या हातामुळे. तेथे एका लयीत पुन्हापुन्हा वाजणाऱ्या कॉर्डमधील एकेक स्वर अर्ध्या स्वराने खाली सरकत जातो. त्यामुळे वरचा तोच पंचम प्रत्येक वेळी निराळा भासतो. स्वर स्थिर, पण त्याखालचा आधार खचत जाणारा, हेच या रचनेचे मर्म होय. उत्तरार्धात आवेग एकदाच उसळतो व ओसरतो. अखेरीस एक विराम आणि खर्जातील तीन मंद कॉर्ड.

३० ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये शोपँ यांच्या अंत्यविधीप्रसंगी हे प्रिल्यूड ऑर्गनवर वाजविले गेले.

तात्पर्य, अशा रचनेचे रसग्रहण शिकविताना ‘करुण’ हे विशेषण पुरेसे नाही. विद्यार्थ्यांना प्रथम केवळ डावा हात ऐकवावा.