कफ की पाणी?

छातीत कफ दाटला की घरातली वडीलधारी मंडळी हमखास सांगतात, 'भरपूर गरम पाणी प्या.' डायलिसिसवरच्या रुग्णाला मात्र हा सल्ला महागात पडू शकतो. निकामी मूत्रपिंडे पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. ते अंगात साठते, फुफ्फुसांतही उतरते. म्हणूनच अनुभवी परिचारिका आधी रुग्णाचे वजन पाहते. दोन डायलिसिसच्या मधे ते झपाट्याने वाढले असेल, आडवे होताच धाप लागत असेल, तर नुसती पाठ थोपटून काय होणार? अशा वेळी तातडीने रुग्णालयच गाठायला हवे. खरोखरच कफ असेल तर रुग्णाला उठवून बसवावे, दीर्घ श्वास घेऊन खोकायला सांगावे, झोपून असेल तर कूस बदलून द्यावी. पाणी मात्र डॉक्टरांनी ठरवून दिले तेवढेच. लोणचे-पापड ताटातून गेले, की तहानही जरा आवरते.