एका टेबलावर पाच प्रेस

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, एका निवृत्त लेथ कारागिराच्या गॅरेजमध्ये मी ते टेबल पाहिलं. जाड फळ्यांचं, भिंतीला बोल्टने आवळलेलं. कडेला ओळीने पाच प्रेस. काम एकच : झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा भरायची. त्याला पाच यंत्रं कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, ‘यातलं कुठलं काढून टाकू ते शेवटी तुम्हीच सांगा,’ आणि त्यांनी डावीकडून सुरुवात केली.

आधी काम समजून घेऊ. काडतुसाचे भाग चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसणारा प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की प्रायमर पेटतो, दारू जळते, गोळी सुटते. मागे उरते ती पुंगळी, आणि चौघांत सर्वांत महाग तीच. दाबाने ती फुगलेली असते, पण बाद झालेली नसते. प्रेसचा दांडा खाली ओढला की रॅम, म्हणजे पुंगळी धरणारा दट्ट्या, वर चढतो, पुंगळी पोलादी डायमध्ये शिरते आणि मूळ मापावर येते. त्याच ओढीत डायमधली सुई जळका प्रायमर टक् करून खाली पाडते. मग नवा प्रायमर, मोजून दारू आणि वर गोळी.

सुईने प्रायमर पाडता येतो, याचं श्रेय एका इंग्रजाचं. 1866 च्या सुमारास एडवर्ड बॉक्सर यांनी ब्रिटिश सैन्यासाठी जी रचना केली, तिच्यात पुंगळीच्या तळाला मधोमध एकच छिद्र असतं. त्याच काळात अमेरिकेच्या हायरम बर्डन यांनी केलेल्या रचनेत छिद्रं मधोमध नसून बाजूला असतात, तिथे सुई अडते. पुढे युरोपात बर्डन यांची रचना रुजली आणि अमेरिकेने इंग्रजाची उचलली. अमेरिकन गॅरेजमध्ये हा छंद फोफावला त्याचं हे मोठं कारण. दुसरं कारण कायद्याचं. 1968 च्या तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार विक्रीसाठी काडतुसं बनवायला परवाना लागतो, स्वतःपुरती भरायला लागत नाही. आपल्याकडे शस्त्र कायद्याखाली अशी मोकळीक नाही. शिवाय कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसळेने 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीच्या ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यातल्या .22 काडतुसात पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं. तिथे सुटा प्रायमर नाही, त्यामुळे या प्रेसला कामच नाही.

आता टेबल. डावीकडचा पहिला प्रेस लहान, स्वस्त, काजळीने माखलेला. त्याच्याकडे फक्त जळके प्रायमर पाडायचं काम. त्या काजळीत शिसं असतं, राखेसारखी बारीक पूड असते. चांगल्या प्रेसच्या रॅमवर ती बसली की घासून घासून माप बिघडतं. म्हणून मळकं काम वेगळं.

दुसरा बिडाचा, इंग्रजी ओ अक्षरासारख्या बंद चौकटीचा रॉक चकर. फ्रेड हंटिंग्टन या तरुणाने 1943 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी, वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत, गोळ्या घडवायच्या डाया बनवायला सुरुवात केली. ‘रॉक चक’ म्हणजे तिथल्या डोंगरात बिळं करून राहणारा मार्मट. त्याच्या शिकारीसाठी त्या गोळ्या, म्हणून कंपनीच्या आरसीबीएस या आद्याक्षरांतही तोच प्राणी आणि प्रेसच्या नावातही. या प्रेसवर एका वेळी एकच डाय बसते. 50 पुंगळ्या घ्यायच्या, सगळ्यांवर एक क्रिया करायची, मग डाय बदलून दुसरी. वेळ लागतो, पण लांब पल्ल्याच्या रायफलीला हाच संथपणा मानवतो.

तिसरा आणि चौथा जुळे भाऊ वाटावेत असे. हे प्रोग्रेसिव्ह प्रेस. माइक डिलन यांनी ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलमध्ये घराघरांत पोहोचवले ते या जातीचे. खाली फिरती तबकडी, वर गोलाकार मांडलेल्या डाया. प्रत्येक ओढीत प्रत्येक घरातल्या पुंगळीचं एकेक काम होतं आणि एक तयार काडतूस खाली पडतं. स्पर्धेत उतरणारा पिस्तूलवाला आठवड्याला शेकडो गोळ्या झाडतो. त्याला तासाला 400-500 काडतुसं देणारं यंत्रच हवं. पण सारखे दोन का? प्रायमर दोन मापांचे असतात. 9 मिलिमीटरला लहान, .45 ला परंपरेने मोठा. माप बदलायचं तर प्रायमर भरण्याची सगळी जुळणी खोलावी लागते, दारूचं मापही पुन्हा लावावं लागतं. ज्यांना परवडतं ते दुसरा प्रेसच आणतात.

पाचवा छऱ्याच्या बंदुकीचा, विस्कॉन्सिनमधल्याच मेव्हिल गावच्या एमईसी कारखान्याचा. त्याची पुंगळी प्लॅस्टिकची, आत छरे आणि त्यांच्याखाली, दारूच्या वर, वॅड नावाचा बोळा. उडत्या तबकड्या फोडणाऱ्यांचा हा संसार निराळा, त्याला बाकीच्या चारांचा उपयोग नाही.

पैसे वाचतात का? दर काडतुसामागे वाचतात, पण माणूस तितकीच जास्त काडतुसं झाडतो. 2020 नंतर दुकानांत काडतुसं मिळेनाशी झाली, तेव्हा ज्यांच्याकडे प्रायमर शिल्लक होते त्यांचा सराव चालू राहिला. तरी मला खरं कारण वेगळं दिसलं. त्यांनी 50 पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून दारू भरली आणि विजेरी घेऊन एकेकीत डोकावले. कुठे दारू दोनदा पडली असेल तर बंदूक हातात फुटू शकते. एका पुंगळीतली पातळी त्यांना जरा वर वाटली. ती त्यांनी ओतून पुन्हा तोलली. माप बरोबरच निघालं, तरी चेहऱ्यावर वेळ फुकट गेल्याचा भाव नव्हता. टेबलावर दारूचा एकच डबा होता, दुसरा कपाटात. रेडिओ बंद होता.

ज्या हातांवर इतकं अवलंबून आहे, ते हात जमलेलं काही हलवायला धजत नाहीत. घरात मिक्सर आला तरी खलबत्ता ओट्यावरून जात नाही, तसंच हे. प्रेसची संख्या हौसेने थोडी वाढते हे खरं, पण मुळात ती वाढते एकदा बसलेलं माप मोडू नये म्हणून.

मग त्यांनी रॉक चकरवर .30-06 या रायफलच्या काडतुसाची डाय चढवली. बहुतेक कंपन्यांच्या डायांचे आटे एकाच मापाचे असतात : सात-अष्टमांश इंच व्यास, इंचाला 14 आटे. त्यामुळे जुनी डायही आजच्या प्रेसमध्ये बसते. या डायवर आणि तिला जागी आवळून धरणाऱ्या कड्यावर मिळून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढलेली होती. कडं सरकलं तर रेघ तुटलेली दिसावी, म्हणून. ती त्यांच्या वडिलांनी ओढलेली. रंग पिवळा पडला होता, पण रेघ सलग होती. त्यांनी अंगठ्याने ती चाचपली आणि दांडा खाली ओढला.

कुठला प्रेस काढायचा, ते मी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.